तीन वाजता निघताना: आजारपणानंतर कामावर परतण्यासाठी घेतलेल्या व्यवसायोपचार सेवेचा अनुभव

पुण्यातील एका खासगी पुनर्वसन केंद्रात गंभीर आजारातून उठलेल्या माणसांना नोकरीवर परतण्यासाठी मदत करणारी व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, सेवा मिळते. गेल्या पाच महिन्यांत मी ती घेतली. तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण ज्या एका गोष्टीसाठी ती मला सर्वाधिक उपयोगी पडली, त्या गोष्टीचा केंद्राच्या माहितीपत्रकात उल्लेखही नव्हता. ती गोष्ट म्हणजे माझ्या कमी झालेल्या तासांकडे पाहण्याची सहकाऱ्यांची दृष्टी. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण माझ्या काही तक्रारीही आहेत आणि नावावरून माझे कार्यालय व तेथील माणसे ओळखली जाण्याची शक्यता आहे.

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत लेखा विभागात सोळा वर्षे नोकरी करते. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, त्यानंतर तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार केमो, मग दर आठवड्याला एक याप्रमाणे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्याच औषधाचे बारा डोस आणि शेवटी रेडिएशनच्या पंधरा खेपा, असे माझे आठ महिने गेले. साठलेली अर्जित रजा पहिल्या दोन महिन्यांतच संपली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ती ४५ दिवसांपर्यंतच साठवता येते. पुढचे सगळे महिने बिनपगारी होते. डॉक्टरांनी कामावर जाण्यास परवानगी देताना ‘हळूहळू वाढवा’ असे सांगितले होते, परंतु हळूहळू म्हणजे किती तासांपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या कामाने सुरुवात करून, हे सांगण्याइतका वेळ बाह्यरुग्ण विभागातल्या त्या गर्दीत त्यांच्याकडे नव्हता.

कंपनीने मला आठ तासांऐवजी पाच तास, म्हणजे सकाळी दहा ते दुपारी तीन, काम करण्यास मान्यता दिली आणि वेतनही त्याच प्रमाणात, आठास पाच, असे ठरले. याबद्दल मी कंपनीची मनापासून ऋणी आहे, कारण अशी सोय देण्यास ती बांधील आहे असे मला कोणत्याही कायद्यात बोट ठेवून दाखवता आले नसते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, परंतु कर्करोग हा त्यांतला स्वतंत्र प्रकार नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ आजारांसाठी वेतनाच्या ८० टक्के दराने वाढीव आजारपण लाभ मिळतो आणि तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. मात्र ही योजना २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्यांसाठी आहे, आणि तिथेही हा लाभ कामावर नसलेल्या दिवसांचा मिळतो, अर्ध्या दिवसाचा नाही. आपल्याकडे माणूस एक तर पूर्ण आजारी असतो किंवा पूर्ण बरा, अशीच सगळ्या व्यवस्थेची समजूत आहे. आणि सहकाऱ्यांची समजूत याहून वेगळी असावी, अशी अपेक्षा तरी कशी करणार?

आता सेवेविषयी. पहिल्या तपासणीचे १,५०० रुपये, पुढच्या सहा भेटींचे प्रत्येकी ९०० रुपये आणि कार्यालयास दिलेल्या एका भेटीचे ३,५०० रुपये असा मला एकूण १०,४०० रुपये खर्च आला. माझ्या आरोग्य विम्यातून यातला एकही रुपया परत मिळाला नाही. बिनपगारी महिन्यांनंतर ही रक्कम मला जड गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. व्यवसायोपचार आपल्याकडे नवा मुळीच नाही. १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा सुरू केली होती. तरीसुद्धा माझ्या ओळखीतल्या दहांपैकी नऊ जणांना हा शब्द सांगितला की ते ‘म्हणजे फिजिओथेरपी ना?’ असेच विचारतात. फरक थोडक्यात सांगायचा तर फिजिओथेरपिस्टने माझा खांदा मोकळा केला, आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी त्या खांद्याने मी वरच्या कप्प्यातली फाईल काढावी की फाईलच खालच्या कप्प्यात ठेवावी, याचा विचार केला.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला एक आलेखाचा कागद दिला. तीन आठवडे, जागेपणीच्या प्रत्येक तासाला, अंगात किती बळ आहे ते शून्य ते दहा या मापाने पेन्सिलीने नोंदवायचे होते आणि त्या तासात काय केले ते खाली दोन शब्दांत लिहायचे होते. हिशेब लिहिणे हाच माझा पेशा असल्यामुळे मी ते काटेकोरपणे केले. तीन आठवड्यांनी कागद टेबलावर पसरला तेव्हा मला स्वतःला जे सांगता येत नव्हते ते डोळ्यांना दिसले. सकाळी दहा ते साडेबारा या वेळेत रेघ सात-आठवर होती, जेवणानंतर ती पाचवर येत होती आणि अडीच ते तीनच्या दरम्यान जिना उतरावा तशी दोनवर. संध्याकाळी कितीही झोपले तरी ती चारच्या वर जात नव्हती. कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा विश्रांतीने भरून निघतोच असे नाही, ही त्याची मुख्य ओळख आहे, आणि जे लोक ‘घरी जाऊन जरा पडा, बरे वाटेल’ असे प्रेमाने म्हणत होते त्यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. तीन वाजताची वेळ या कागदातून पक्की झाली. पॅक्लिटॅक्सेलमुळे बोटांच्या टोकांना आलेल्या बधिरपणामुळे आकडे टंकताना चुका होत होत्या, त्यासाठी त्यांनी मोठ्या कळांचा वेगळा नंबर पॅड सुचवला, चाळीस मिनिटांनंतर दहा मिनिटे उठण्याची शिस्त लावली आणि ताळेबंद जुळवण्यासारखी कामे साडेबाराच्या आत उरकण्यास सांगितले. हा सगळा भाग उत्तम होता. इतका नेमका सल्ला मला कोणीच दिला नव्हता.

परंतु नंबर पॅड आणून सहकाऱ्यांचे मन वळत नाही.

मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या टेबलावर फुले होती, आणि ती खऱ्या आनंदाने ठेवलेली होती याबद्दल मला आजही शंका नाही. दोन आठवडे सर्वजण जपत होते. तिसऱ्या आठवड्यापासून तीन वाजता बॅगेची चेन ओढताना तिचा आवाज मला फार मोठा वाटू लागला, कारण त्या आवाजासरशी शेजारच्या तीन-चार माना किंचित वर होत आणि पुन्हा पडद्याकडे वळत. ‘तुमचं बरं आहे मॅडम, ट्रॅफिकच्या आधी सुटता,’ असे एक सहकारी दोन-तीनदा म्हणाले. डब्याच्या वेळी एका मैत्रिणीने माझ्या वाढू लागलेल्या केसांकडे पाहून ‘आता केसही आले, म्हणजे झालीस तू बरी,’ असे म्हटले, आणि मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. केस गेले होते तेव्हा माझा आजार सर्वांना दिसत होता. केस आले आणि पाच तासांचे कारण दिसेनासे झाले.

दुसऱ्या प्रकारचे वागणे याच्या उलट होते, आणि मला तेच अधिक लागले. वैधानिक लेखापरीक्षणाच्या चर्चा चार वाजता ठेवल्या जाऊ लागल्या. मी विचारले तेव्हा ‘तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून,’ असे उत्तर मिळाले. सोळा वर्षे ज्या खात्यांची उत्तरे मी देत आले, त्यांच्याविषयीचे निर्णय मला दुसऱ्या दिवशी ई-मेलने कळू लागले. हातातली फाईल कोणी प्रेमाने काढून घेतली तरी ती गेलेलीच असते. टोमणा निदान परतवता येतो, काळजी परतवता येत नाही, आणि म्हणूनच काळजीपोटी बाजूला ठेवले गेलेल्या माणसाला तक्रार करण्यासाठी तोंडच उरत नाही.

हे सारे मी चौथ्या भेटीत बाईंना सांगितले, ते सांगताना रडलेही. त्यांनी धीर दिला, परंतु सहकाऱ्यांना दोष दिला नाही, आणि त्या वेळी मला ते आवडले नव्हते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘तुमचे जे तीन तास कमी झाले, त्या तीन तासांतलं काम सध्या कोण करतं?’ मला याचे उत्तर देता आले नाही. वेळ कमी झाला हे पत्रात लिहिलेले होते, वेतन कमी झाले हेही लिहिलेले होते. काम किती कमी झाले आणि ते कोणाकडे गेले, याबद्दल त्या पत्रात अवाक्षरही नव्हते.

कार्यालयातील भेट पुढच्या आठवड्यात झाली. माझी खुर्ची, जिना, फायलींचे कपाट पाहून झाल्यावर विभागातील सहा जण, साहेब आणि एचआर विभागाच्या एक प्रतिनिधी अशी चाळीस मिनिटांची बैठक झाली. माझ्या आजाराची हकिकत सांगून सहानुभूती मागितली जाईल अशी मला धास्ती होती. तसे घडले नाही. बाईंनी माझी परवानगी घेऊन तो आलेखाचा कागद टेबलावर ठेवला, अडीच-तीनच्या दरम्यान उतरणाऱ्या रेघेवर बोट ठेवून तीन वाजताची वेळ कशी ठरली ते दोन मिनिटांत सांगितले आणि मग तोच प्रश्न सर्वांना विचारला. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी विभागातील सर्वांत धाकटी, नोकरीला जेमतेम दोन वर्षे झालेली मुलगी म्हणाली, ‘व्हेंडर रिकन्सिलिएशन मीच करते. मॅडम रजेवर गेल्यापासून.’ थोडे थांबून ती पुढे म्हणाली, ‘सात, अकरा आणि वीस तारखेच्या आधी मला घरी जायला साडेआठ-नऊ होतात. पण मॅडमना कसं सांगणार, त्या आजारी होत्या.’

व्हेंडर रिकन्सिलिएशन म्हणजे पुरवठादारांची खाती आमच्या नोंदींशी जुळवून पाहणे. लेखा विभागात काम केलेल्या कोणालाही या तारखा समजावून सांगाव्या लागणार नाहीत. सात तारखेपर्यंत टीडीएसचा, म्हणजे देणी देताना कापून घेतलेल्या कराचा, भरणा, अकराला जीएसटीआर-१ हे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, वीसला जीएसटीआर-३बी हे महिन्याच्या गोषवाऱ्याचे. महिना या तीन खुंट्यांना टांगलेला असतो. माझ्या आठ महिन्यांच्या रजेत हा भार त्या मुलीने उचलला आणि मी परतल्यावर तो हलका होईल अशी तिची अपेक्षा होती, जी सर्वस्वी योग्य होती. मी परतले, परंतु तीन वाजेपर्यंतच. आणि तिच्यासाठी काहीच बदलले नाही. तिला बढती नव्हती, जादा कामाचा मोबदला नव्हता, आणि कुरकुर करण्याची सोयही नव्हती, कारण कर्करोगातून उठलेल्या बाईविरुद्ध कुरकुर करणारी मुलगी सर्वांच्या नजरेतून उतरली असती. मी ज्याला सहकाऱ्यांचा कोरडेपणा समजत होते, त्याच्या मागे कोणी न मांडलेला एक हिशेब होता. ट्रॅफिकविषयी बोलणारे ते सहकारीसुद्धा महिन्याचे तीन शनिवार तिच्या मदतीला येत होते, हेही मला त्या दिवशीच कळले.

वेतनाचा विषयही तेव्हाच निघाला. मला पूर्ण पगार मिळतो असे सहापैकी पाच जणांना वाटत होते. हे सांगावे की नाही याविषयी बाईंनी आधी मला विचारले होते आणि माझा निर्णय मला घेऊ दिला होता. पगाराची वाच्यता करणे आमच्याकडे शिष्टसंमत नाही आणि मी कचरत होते. त्या मुलीचे बोलणे ऐकल्यावर मी स्वतःच सांगितले. ज्यांना नोकरीवर परतायचे आहे त्यांनी यावर आपापला विचार करावा, परंतु माझ्यापुरते सांगते की त्या एका वाक्याने जेवढे मोकळे झाले तेवढे दुसऱ्या कशाने झाले नाही. शिवाय त्यातून एक सरळ प्रश्न उभा राहिला, तो साहेबांनाच उद्देशून: माझ्या वेतनातून वाचलेला आठास तीन हिस्सा कुठे जातो? दोन आठवड्यांनी विभागात रोज चार तासांसाठी एक बी.कॉम. झालेला मुलगा कंत्राटावर आला. बँक रिकन्सिलिएशन आणि बिलांची नोंद त्याच्याकडे गेली, व्हेंडर रिकन्सिलिएशन पुन्हा माझ्याकडे आले आणि लेखापरीक्षणाच्या चर्चा सकाळी साडेअकराला होऊ लागल्या. एकोणीस आणि वीस तारखेला मी पाचपर्यंत थांबावे आणि तो वेळ पुढच्या आठवड्यात कमी करून घ्यावा, हेही ठरले; मीच सुचवले.

माझी मावसबहीण जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिच्या शेजारणीला पक्षाघातानंतर कामावर परतताना तिथल्या ‘हॅम्बुर्ग मॉडेल’ नावाच्या पद्धतीचा लाभ मिळाला. यात डॉक्टर रोज किती तास, कोणत्या आठवड्यापासून किती, असा टप्प्याटप्प्याचा तक्ता लिहून देतात, त्या काळात माणूस कायद्याच्या दृष्टीने आजारीच मानला जातो आणि त्याचा आजारपणाचा भत्ता आरोग्य विमा निधीतून चालू राहतो. बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून अधिक आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्यासमोर पुनरागमनाच्या व्यवस्थेचा प्रस्ताव ठेवणे तिथे मालकावर बंधनकारक आहे. अशा व्यवस्थेत पाच तास काम करणारी व्यक्ती कोणाची मेहेरबानी घेत नसते. आपल्याकडे हा तक्ता मला १०,४०० रुपये मोजून करून घ्यावा लागला. ज्यांना एवढे पैसे मोजता येत नाहीत, त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता तक्रारी. पहिली आणि गंभीर तक्रार कार्यालयाला पाठवलेल्या अहवालाविषयी आहे. तो इंग्रजीत, चार पानी आणि वैद्यकीय शब्दांनी भरलेला होता. त्यात काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला सूज येण्याचा धोका, झोपेच्या गोळ्या, मनःस्थिती, असे सगळे होते. मी संमतिपत्रावर सही केली होती हे खरे, परंतु काय जाणार आणि काय नाही हे कलमवार समजावून सांगणे केंद्राचे काम होते. कार्यालयाला माझे तास, माझ्या मर्यादा आणि लागणाऱ्या सोयी एवढेच कळणे पुरेसे होते. झोपेच्या गोळ्यांचा उल्लेख किती जणांच्या डोळ्यांखालून गेला असेल, या विचाराने मला बरेच दिवस अस्वस्थ वाटत होते.

दुसरी तक्रार वेळेची आहे. सहकाऱ्यांबरोबरची बैठक मी रुजू झाल्यानंतर दोन महिन्यांनी झाली. ती रुजू होण्याआधी व्हायला हवी होती, आणि बैठकीपूर्वी त्या मुलीशी कोणीतरी एकांतात बोलायला हवे होते. साहेबांसमोर तोंड उघडण्याचे धैर्य तिने दाखवले, दुसऱ्या कोणी ते दाखवलेच असते असे नाही. त्यानंतर पाठपुरावा म्हणून फक्त एक फोन आला, तोही मला, विभागाला नाही. सहकाऱ्यांची मने एका बैठकीत कायमची सरळ होत नाहीत. नवीन मुलगा महिनाभर रजेवर गेला तेव्हा जुनी कुजबुज पुन्हा सुरू झाली होती.

शिवाय केंद्राचा सगळा नमुना खुर्ची-टेबलाच्या नोकरीसाठी बेतलेला आहे. प्रश्नावलीत खुर्चीची उंची, पडद्याचे अंतर, बैठकांची संख्या असे रकाने आहेत. प्रतीक्षागृहात मला भेटलेल्या अंगणवाडी सेविकेला आणि एस.टी.च्या वाहकाला त्या रकान्यांत काय लिहावे हे कळत नव्हते. वाहकाची पाळी अर्धी कशी करायची, आणि अर्धी केली तर उरलेली फेरी कोणाच्या माथी मारायची, हा प्रश्न माझ्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

ज्यांना ही किंवा अशी सेवा घ्यायची असेल त्यांनी तज्ज्ञांची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का ते आधी विचारावे. रुजू होण्याच्या निदान चार आठवडे आधी पहिली भेट घ्यावी, म्हणजे तीन आठवड्यांच्या नोंदी हातात असतील. कार्यालयाला जाणारा कागद वाचल्याशिवाय जाऊ देऊ नये. कंपनीच्या मंजुरीपत्रात तासांच्या आणि वेतनाच्या शेजारी तिसरा रकाना मागून घ्यावा: कोणते काम, कोणाकडे, किती दिवसांसाठी. तो रकाना भरल्याशिवाय रुजू होऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन.

मी सध्या साडेसहा तास काम करते. माझ्या तक्रारी केंद्राला लेखी कळवल्या आहेत. कार्यालयासाठी वेगळे, एकपानी मराठी पत्र देण्याचे त्यांनी मान्य केले आहे आणि विभागाबरोबर दुसरी बैठक, यावेळी शुल्क न घेता, ठरवली आहे. ती बावीस तारखेला आहे. तारीख त्या मुलीने निवडली, कारण वीसच्या आत तिला बोलायला वेळ नसतो.